बढतीचा कागद आणि हातात येणारा पगार

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपून चपला घालत होते, तेव्हा एक मुलगी जवळ आली. मुलगी म्हणजे बत्तीस-तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षे स्टाफ नर्स. "जय भीम मावशी" म्हणून तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. "इन्चार्ज केलंय मला. पेढे वाटू की रडू, ते तुम्ही सांगा."

कागदावर पगार साडेतीन हजारांनी वाढला होता. घरी मात्र नवऱ्याने मोबाइलवर हिशेब मांडला, तर हातात येणारी रक्कम सातशे रुपयांनी कमी भरत होती. सासूबाई म्हणाल्या, "ही कसली गं बढती?"

त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातली माझी एक जुनी सहकारी फोनवर हेच सांगत होती. तिची बढती परिसेविका म्हणून, पण मुंबई सोडून दूरच्या जिल्ह्यात. तिचा तोटा तर दहा हजारांच्या पुढे. आपल्या समाजात घराघरात एखादी तरी सिस्टर असते, आणि बऱ्याच घरांचा संसार तिच्या पगारावर उभा असतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधांऐवजी पगारपत्रक घेऊन बसू. तेही आरोग्याचेच आहे, हे पुढे दिसेल.

आधी खासगी रुग्णालयाचा हिशेब. आकडे मी सोपे करून घेतले आहेत, तुमच्या पगारपत्रकावरचे वेगळे असतील, पद्धत तीच.

समजा स्टाफ नर्सचा ठरलेला पगार २०,००० रुपये. महिन्याला आठ नाइट, प्रत्येकी १०० रुपये भत्ता, म्हणजे ८००. माणसे कमी असतात म्हणून महिन्याला तीन डबल ड्युट्या, प्रत्येकी १,२०० प्रमाणे ३,६००. एकूण झाले २४,४००. त्यातून भविष्य निर्वाह निधी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. कर्मचारी राज्य विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्याचे ०.७५ टक्क्याने १८३ गेले. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. हातात आले २२,४१७.

आता तीच सिस्टर इन्चार्ज झाली. ठरलेला पगार २३,५००. नाइट नाही, डबल ड्युटी नाही. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० गेले, ईएसआय लागू राहिला नाही म्हणून ती कपात बंद. हातात २१,७००. कमी आले ७१७ रुपये.

रुग्णालयाने कागदावर खोटे काही लिहिलेले नाही. ठरलेला पगार खरोखर वाढला आहे. आपण इतकी वर्षे ज्याला पगार म्हणत होतो, त्यातले ४,४०० रुपये पगाराचे नव्हतेच. ते रात्री जागण्याचे आणि सोळा-सोळा तास उभे राहण्याचे होते. जागरण थांबले, ते पैसे थांबले. तक्रार करायचीच तर ती अशी करा की नऊ वर्षे काम केलेल्या बाईचा ठरलेला पगार इतका तुटपुंजा का, की डबल ड्युटीशिवाय घराचा हप्ता सुटत नाही. पण तो बढतीचा दोष नव्हे.

म्हणून नुसती महिन्याची रक्कम न पाहता तासांचा हिशेब करा. पूर्वी २६ ड्युट्या आणि तीन डबल, आठ तासांच्या हिशेबाने २९ पाळ्या, म्हणजे २३२ तास. २२,४१७ ला २३२ ने भागले की तासाला साधारण ९७ रुपये पडतात. इन्चार्ज झाल्यावर २६ ड्युट्यांचे २०८ तास, आणि तासाला १०४ रुपये. म्हणजे पैसे थोडे कमी, पण महिन्याचे २४ तास मोकळे झाले आणि आठ रात्री घरी मिळाल्या. हा सौदा वाईट नाही.

पण इथेच मेख आहे. इन्चार्ज सिस्टर वेळेवर घरी जाते का? मी स्वतः अनेक वर्षे वॉर्ड सांभाळला आहे. सकाळची ओव्हर घ्यायची, राउंड, इंडेंट, औषधांचा साठा, लिनन, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या, पोलिस केसचे कागद, कोण गैरहजर त्याची बदली माणसे, आणि शेवटी नातेवाइकांची भांडणे. पाळी संपते दोनला, बाई निघते सव्वातीनला. तो जादा तास कोणी मोजत नाही, कारण "तू आता इन्चार्ज आहेस". रोजचा एक तास धरला तरी २६ तास वाढले, एकूण २३४. आता भागाकार करा: तासाला ९३ रुपये. म्हणजे स्टाफ नर्स असताना मिळत होते त्याहून कमी. बढती परवडणार की नाही, हे एका तासावर ठरते. त्यामुळे कागदावर सही करण्याआधी त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जला विचारा, "ताई, तुम्ही खरोखर किती वाजता निघता?" एचआरच्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर खरे.

दुसरी गोष्ट साठ्याची. सरकारी असो की खासगी, वॉर्डातल्या वस्तूंचे रजिस्टर इन्चार्जच्या नावावर येते. ऑक्सिमीटर हरवला, सक्शन मशीनचा भाग सापडला नाही, तर पहिले बोट तिच्याकडे. मादक औषधांच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडे. चार्ज घेताना वस्तू स्वतः मोजून, जुन्या इन्चार्जची सही घेऊनच घ्या. "नंतर बघू" म्हणून घेतलेला चार्ज कधीच नंतर बघितला जात नाही. आमच्या काळात एका सिस्टरने न मोजता चार्ज घेतला आणि आधीच्या तीन वर्षांची तूट तिच्या गळ्यात पडली. तिने ती कशी निस्तरली, ते लिहायला बसले तर हे पान पुरणार नाही.

आता ईएसआयचे बघू. त्या मुलीने हिशेबात ही कपात वाचली म्हणून १८३ रुपये जमेला धरले होते. मला तिथेच धस्स झाले.

ईएसआयची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये पगाराची आहे. ओव्हरटाइम या मर्यादेत मोजत नाहीत, वर्गणी कापताना मात्र मोजतात. म्हणून २०,८०० अधिक डबल ड्युटी अशी ती आजवर योजनेत बसत होती. २३,५०० झाले की ती बाहेर. बाहेर जाते ते फक्त तिचे कार्ड नाही. नवरा, मुले आणि तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांच्या उपचारांची सोय त्याच कार्डावर चालते. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, तोही याच कार्डावर. ईएसआयच्या दवाखान्याच्या रांगेबद्दल आपण सगळे नाक मुरडतो, मीही मुरडते. पण घरात डायलिसिसचा किंवा कॅन्सरचा रुग्ण असला की ती रांग म्हणजे काय, ते कळते. या मुलीच्या वडिलांची अँजिओप्लास्टी त्याच कार्डावर झाली होती.

जाता जाता एक गोष्ट. ही आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कायदा १९४८ साली झाला. आपल्या कार्डाचा हा इतिहास आपल्याच पोरींना ठाऊक नसतो.

तर कार्ड जाणार असेल तर दोन गोष्टी करता येतात. पहिली, तारीख. ईएसआयच्या वर्गणीचे वर्षात दोन कालखंड असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. कालखंड सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेबाहेर गेला, तर तो कालखंड संपेपर्यंत माणूस योजनेतच राहतो. आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचे फायदे मिळतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे. आता त्या मुलीचे पत्र पाहा. बढती १ ऑक्टोबरपासून. म्हणजे सप्टेंबरअखेर वर्गणी बंद आणि फायदे पुढच्या जूनअखेरपर्यंत. तीच बढती १ नोव्हेंबरपासून धरली तर वर्गणी मार्चअखेरपर्यंत चालते आणि फायदे पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंत. एक महिना बढती उशिरा घेऊन घरातल्या सगळ्यांचे सहा महिन्यांचे संरक्षण वाढते. हे कोणी आपणहून सांगत नाही. लेखी विनंती करावी लागते.

दुसरी गोष्ट, रुग्णालयाकडून कुटुंबासकट आरोग्य विमा मागणे. मिळाला नाही तर स्वतः घ्यावा लागेल आणि त्याचा हप्ता बढतीच्या हिशेबात खर्च म्हणून लिहावा लागेल. म्हातारे आईवडील असतील तर खासगी विम्याचा हप्ता जड जातो, आणि आधीपासूनच्या आजारांना सुरुवातीचा काही काळ भरपाई नसते. म्हणून विमा कार्ड चालू असतानाच घ्यावा, संपल्यावर नव्हे.

बाळंतपणाबद्दल मात्र घाबरू नका. योजनेबाहेर गेलेल्या बाईलाही पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहेच. फरक इतकाच, की आधी पैसे ईएसआय देत होते, आता मालकाने द्यायचे. मालक कसा आहे, ते तुम्ही जाणता.

आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट. नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यांत जो मुख्यतः देखरेखीचे काम करतो आणि ज्याचा पगार १८,००० रुपयांहून जास्त आहे, त्याला 'कामगार' धरत नाहीत. कामगार नाही म्हणजे दुप्पट दराने ओव्हरटाइम मागण्याचा हक्क नाही, काढून टाकले तर कामगार न्यायालयाचा दरवाजाही तितका सहज उघडत नाही. पण नुसत्या पदनावाने कोणी पर्यवेक्षक होत नाही. न्यायालये प्रत्यक्ष मुख्य काम काय ते पाहतात. नाव इन्चार्जचे आणि दिवसभर सलाइन लावणे, इंजेक्शने देणे चालू असेल तर ती परिचारिकाच. म्हणून आपल्या ड्युटी लिस्टच्या प्रती घरी जपून ठेवा. रजा मंजूर करण्याचा, गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार तुम्हाला दिला आहे की नाही, हेही बढतीच्या पत्रात पाहा. अधिकार शून्य आणि जबाबदारी सगळी, अशी बढती मी पुष्कळ पाहिली आहे.

सरकारी नोकरीत पाणी निराळ्या वाटेने मुरते. इथे मूळ वेतन कमी होत नाही. बढतीत एक वेतनवाढ देऊन वरच्या स्तरात बसवतात. गळती होते ती भत्त्यांतून, आणि त्यातही घरभाडे भत्त्यातून. मुंबई-पुण्यासारख्या एक्स गटातल्या शहरांत हा भत्ता आता मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावतीसारख्या वाय गटात २० टक्के, आणि बाकी सगळीकडे १० टक्के.

समजा मुंबईत मूळ वेतन ५३,६०० आहे आणि बढतीने ते ५५,२०० झाले. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर मूळ आणि महागाई मिळून २,४८० रुपये वाढले. पण बदली लहान गावी झाली. मुंबईत घरभाडे भत्ता होता १६,०८०, तिकडे झाला ५,५२०. गेले १०,५६०. एकूण पगार ८,०८० ने उतरला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असाल तर वाढलेल्या २,४८० वर १० टक्के म्हणजे २४८ रुपये अधिक कापले गेले. हातात ८,३२८ रुपये कमी. शिवाय वाहतूक भत्ताही मोठ्या शहरांत जास्त असतो.

हे ऐकून लगेच कपाळाला हात लावू नका. ते २४८ रुपये तुमच्याच खात्यात गेले, आणि सरकारने आपल्या १४ टक्क्यांतून त्यात आणखी ३४७ घातले. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या असाल तर निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे. मूळ वेतनात वाढलेल्या १,६०० मधले ८०० रुपये, त्यावरच्या महागाई वाढीसह, जन्मभर येतात. आणि लहान गावी भाडेही कमी. मुंबईत भाड्याने राहणारी आणि सगळे कुटुंब घेऊन जाऊ शकणारी सिस्टर बदलीने कदाचित फायद्यातच राहील. खरा मार बसतो तो घर दोन ठिकाणी चालवावे लागते तेव्हा: मुले दहावी-बारावीला, नवऱ्याची नोकरी इकडे, सासरे अंथरुणाला. मग तिकडची खोली, तिकडचा डबा, दर पंधरा दिवसांचे रेल्वेचे तिकीट. तो खर्च पगारपत्रकावर दिसत नाही. तो वेगळ्या कागदावर लिहा.

पण माझ्या त्या सहकारी बाईची अडचण याहून वेगळी होती, आणि ती फार जणींच्या लक्षात येत नाही. तिची सेवा बावीस वर्षांची. राज्य सरकारच्या सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या स्तराचे वेतन मिळते, जागा रिकामी नसली तरी. तिने दोन लाभ घेतलेले होते. म्हणजे बढतीच्या पदाचे वेतन ती आधीच घेत होती. आता प्रत्यक्ष बढती आली तेव्हा पुन्हा वेतनवाढ नाही. पैसे आधी दिले होते, काम आता मागितले आहे. तिचे मूळ वेतन ५३,६०० चे ५३,६०० च राहणार आणि घरभाडे भत्त्यात १०,७२० रुपये जाणार. ती म्हणाली, "ताई, ही बढती की शिक्षा?"

मग तिने नाकारावी का? नाकारणे फुकट नाही. नियमित पदोन्नती नाकारणाऱ्याला आश्वासित प्रगती योजनेचा पुढचा लाभ मिळण्यात अडथळा येतो, पुढच्या निवडसूचीत नाव लगेच येत नाही आणि मागच्या जणी ज्येष्ठतेत पुढे जातात. त्यामुळे तोंडी "मला नको" म्हणून मोकळे होऊ नये. नकार दिल्यास घेतलेल्या आणि पुढच्या लाभांचे काय होईल, हे आस्थापना शाखेकडून आधी लेखी घ्यावे. आणि नाकारण्याआधी जवळच्या रिकाम्या जागेसाठी, पती-पत्नी एकत्रीकरणासाठी किंवा घरातल्या गंभीर आजारासाठी पदस्थापना बदलून मागावी. अर्ज करायला कमीपणा कसला?

आपल्या भगिनींच्या बाबतीत यात आणखी एक धागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर ७ मे २०२१ च्या आदेशाने सगळ्या बढत्या, राखीव ३३ टक्के जागांसह, ज्येष्ठतेने भरायचे ठरले. याने किती जणींची बढती वर्षानुवर्षे रेंगाळली, हे ज्यांच्यावर बेतले त्यांना ठाऊक आहे. उशिरा आलेली बढती हाताशी असते तेव्हा "आता कशाला, चार वर्षे राहिली" असे मनात येते. पण अधिसेविकेच्या खुर्चीत आपली माणसे किती, हा प्रश्न सभेत विचारणाऱ्यांनी त्या खुर्चीपर्यंतची पहिली पायरी परिसेविकेची असते, हे विसरू नये. अर्थात समाजाच्या नावाने एकट्या बाईने दोन घरांचा खर्च सोसावा, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तो हिशेब तिचा.

गडचिरोलीसारख्या आदिवासी-नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांची गत उलटी. तिथे असेपर्यंत एकस्तर वेतनश्रेणी मिळते, म्हणजे एक पायरी वरचे वेतन. बढतीवर त्या भागाबाहेर गेले की तो लाभ संपतो. तिथल्या सिस्टरने तुलना करताना 'आत्ताचा पगार' नव्हे तर मूळ पदाचे वेतन धरावे, नाहीतर बढती उगाच तोट्याची वाटते.

आयकराचे थोडक्यात. २०२५–२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पगार १२,७५,००० पर्यंत. मोठ्या शहरातल्या ज्येष्ठ सिस्टर आता या रेषेच्या आसपास आहेत. करपात्र उत्पन्न १२,३०,००० झाले तर वरच्या ३०,००० वर कर ३०,००० आणि उपकर १,२००. म्हणजे वाढलेले सगळे गेले आणि वर बाराशे गेले. साधारण १२,७०,००० पर्यंत हीच गंमत चालते, त्यापुढे वाढ पुन्हा हातात येऊ लागते. बढतीने नेमके या पट्ट्यात नेले असेल तर पहिल्या वर्षी चरफडू नका; पुढच्या वाढी त्यातून बाहेर काढतात.

आणि 'प्रभारी' नावाचा प्रकार. जागा रिकामी, आदेश नाही, "सिस्टर, तुम्हीच बघा जरा वॉर्ड." ही बढती नव्हे. वेतन नाही, ज्येष्ठता नाही, वस्तूंची जबाबदारी मात्र आहे. निदान कार्यालयीन आदेश मागावा. आदेश असेल तर उद्या अनुभव म्हणून दाखवता येतो.

आता ज्यासाठी हे आरोग्याचे पान आहे, ते. नाइट भत्त्याचे १०० रुपये गेले म्हणून आपण हळहळतो, पण शरीराकडून त्या रात्रीचे किती घेतले जाते, हे कोणी मांडत नाही. आलटूनपालटून रात्रपाळी करणाऱ्यांची झोप मोडते ती पुढच्या दोन-तीन दिवसांसाठी. जेवणाच्या वेळा चुकतात, साखर आणि रक्तदाब वाढायला निमित्त मिळते, पाळी अनियमित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये झोपेचे चक्र बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्ककारक' गटात ठेवली आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवली. 'बहुधा' हा शब्द नीट वाचा. नाइट करणाऱ्या प्रत्येकीला कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही, पण रात्रपाळी ही फुकटची कमाई नाही, एवढा नक्कीच आहे. पंचविशीत हे सोसते. चाळिशीला, त्यातून आधीच मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर, महिन्याच्या आठ रात्री वाचवण्यासाठी सातशे रुपये सोडणे मला महाग वाटत नाही. एकच अट: घरी आल्यावर फोन बंद राहिला पाहिजे. रात्री अकराला "सिस्टर, उद्याचे दोघेजण येणार नाहीत" असा फोन रोज येत असेल तर ती नाइटच आहे, भत्त्याशिवाय.

बढती नको म्हणणेही कधी बरोबर असते. तीन-चार वर्षांत परदेशात जायचे मनात असेल, तर तिकडच्या भरतीत वॉर्डातला, आयसीयूतला प्रत्यक्ष रुग्णांजवळचा अलीकडचा अनुभव विचारतात. रजिस्टर सांभाळल्याचा तिथे तितका उपयोग नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी.चे शिक्षण चालू असेल तर ते संपेपर्यंत पाळ्या बदलून घेणे स्टाफ नर्सला सोपे जाते. आणि डोक्यावर कर्ज असेल, ज्याचा हप्ता डबल ड्युटीवरच सुटतो, तर आधी कर्ज हलके करा. उलट ट्यूटर, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर किंवा मेट्रन व्हायचे असेल, तर इन्चार्जचा अनुभव टाळून चालणार नाही. पुढच्या रुग्णालयात पगार ठरवताना 'नऊ वर्षे स्टाफ नर्स' आणि 'सात वर्षे स्टाफ नर्स, दोन वर्षे इन्चार्ज' यांना एकच आकडा सांगत नाहीत.

त्या मुलीबरोबर आम्ही विहाराच्या पायऱ्यांवर बसून कागदाच्या मागच्या बाजूलाच हिशेब केला. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज दिला. त्यात तीन मागण्या होत्या: बढती १ नोव्हेंबरपासून धरावी, कुटुंबासह आरोग्य विमा द्यावा, आणि पाळीपलीकडे थांबावे लागल्यास त्याची नोंद ठेवून बदली सुटी मिळावी. तारीख मान्य झाली. बदली सुटीला मेट्रन तोंडी हो म्हणाल्या, तिने ते "आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार" असे लिहून ईमेलने पाठवून ठेवले. विम्याचे उत्तर अजून आलेले नाही. मार्चपर्यंत आले नाही तर वडिलांसाठी वेगळी पॉलिसी घ्यायची, म्हणून तिने आतापासून महिना हजार रुपये बाजूला काढायला सुरुवात केली आहे.

मुंबईच्या सहकारी बाईने बढती नाकारली नाही आणि स्वीकारलीही नाही. पदस्थापना बदलून मिळावी म्हणून सासऱ्यांच्या आजाराची कागदपत्रे जोडून अर्ज केला आहे. मी तिच्या जागी असते तर गेले असते, पण माझे सासरे तेव्हा अंथरुणाला नव्हते.